गुंडप्पांच्या आखाड्याची माती

जत्रेतल्या कुस्त्या नीट दिसाव्यात म्हणून गुंडप्पांनी मोतीबिंदू काढून घेतला. त्यासाठी महिनाभर देगलूरला लेकीकडं राहिले. जत्रेच्या दोन दिवस आधी परतले, एसटीतून उतरून थेट माळावर गेले. आखाड्याच्या जागी लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसवले होते.

अहमदपूरकडच्या या गावात महादेवाच्या जत्रेतला कुस्तीचा हौद एकतीस वर्षं त्यांच्याकडं होता. स्वतः ते कधी गाजलेले पैलवान नव्हते. पण माती त्यांनीच करावी. ती चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवायचं आणि सगळं जुन्या मातीत मिसळायचं. जुनी माती टाकायची नाही, हा नेम. त्या हौदात कुणाचा हात मोडला नाही, हे ते न विचारताही सांगत.

त्यांनी घरून पहार आणली आणि ब्लॉक उचकटायला लागले.

बांगड्यांचं दुकान मांडायला आलेली केवळाबाई ओरडली, "आप्पा, डोळ्यावर जोर येईल!"

"येऊ दे. बघायचं काय राहिलंय आता?"

चार ओळी निघाल्या. खाली नुसता मुरूम, रोलर फिरवून दाबलेला.

तोवर सरपंच संगमेश आला. त्याला पहिला लंगोट गुंडप्पांनीच बांधला होता.

"आप्पा, काय करायलात? सरकारी काम हाय हे. कुस्त्या होणार की! मॅट मागवलीय. अंगाला माती लागायची न्हाई."

"तुला लई टोचली का रे माती? दरसाल तोंडानंच उकरायचास."

केवळाबाई खदखदून हसली. संगमेशनं तिच्याकडं पाहिलं नाही.

"माझी माती कुठाय?"

"कुठली?"

"हौदातली."

"ती व्हय? नव्या कमानीच्या पायाला भराव कमी पडला, तिथं टाकली ट्रॉलीभर."

कमान माळाच्या तोंडाशी होती. वर संगमेशचा हात जोडलेला फोटो. गुंडप्पांना नव्या डोळ्यानं त्याच्या दातांतली फटसुद्धा दिसत होती.

"कुस्त्यांचा नारळ तुम्हीच फोडायचा, आप्पा. मान तुमचाच हाय."

"कशावर फोडू? तुझ्या टाळक्यावर?"

ते पहार उचलून कमानीकडं चालू लागले. डाव्या खांबाच्या बुडाशी पहिला घाव बसला तेव्हा संगमेश "आप्पा, आप्पा" करत धावत आला. पण त्यांचा हात धरायची त्याची छाती झाली नाही. तिसऱ्या घावाला सिमेंट तडकलं.