आईच्या गाडीची पायदानं

माझ्या मामाला कारखान्यात सगळे 'सूतभर' म्हणायचे. लेथवर पस्तीस वर्षं काढलेला माणूस. भिंतीवरचा फोटो असो की माझ्या नवऱ्याच्या कोटाची बाही, डोळा बारीक करून म्हणणार, "सूतभर कमी पडतंय."

आई त्याची मोठी बहीण, नर्स. बाळंतिणींच्या घरी जाऊन तपासणी करायची, तीही मोटारसायकलवर. इतक्या वर्षांत ती गाडीवरून एकदाही पडली नाही. पडली ती घरात, पडदे लावताना स्टुलावरून. उजव्या गुडघ्यात धातूची पट्टी बसली आणि पाय वाकेनासा झाला. डॉक्टर म्हणाले, "चालाल झकास, पण मोटारसायकल विसरा."

आई मात्र रोज सकाळी अंगणात जाऊन ती उभी गाडी पुसायची. मामाने ते आठवडाभर पाहिलं आणि एका रविवारी टेप घेऊन हजर झाला.

"ताई, खुर्चीत बस. पाय लांब कर."

"का रे? शिवायला काय घेतोयस, पायजमा?"

"बस म्हटलं ना."

शौकीन लोक ऐटीत पाय पसरून बसता यावं म्हणून गाडीची पायदानं पुढे बसवून घेतात. मामाने तीच युक्ती आईच्या अडलेल्या गुडघ्यासाठी योजली. गुडघा वाकत नाही ना, मग ब्रेकच पायापाशी आणायचा. गाडी स्टँडवर चढवली, आईला वर बसवलं आणि तिचे तळवे जिथे सहज टेकले तिथे पुठ्ठ्याचे नमुने धरले. मग घरच्या लेथवर पायदानं घडवली, गाडीच्या सांगाड्याला पुढून जाड पट्ट्या बसवल्या आणि ब्रेकला व गिअरला लांब सळया जोडल्या. महिनाभर त्याचं हेच चाललं होतं.

सळया घासता घासता एकदा तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, तू गाडी शिकलीस तेव्हा गाडीचा प्लग गायब व्हायचा ना, तो मीच काढायचो. बहीण गाडी चालवते म्हणून मित्र चिडवायचे मला."

"माहीत होतं," आई म्हणाली. "म्हणून तर मी दुसरा पर्समध्ये ठेवायचे."

मामा घासतच राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

मैदानात पहिली चाचणी घेतली. आईने गिअर खाली दाबला, क्लच सोडला आणि गाडी गचका खाऊन बंद! तीनदा तेच. शेवटी मामाने कपाळावर हात मारला. सळईचं टोक उलट्या अंगाने जोडल्यामुळे गिअर उलटे पडत होते. पहिल्याच्या जागी दुसरा.

"पस्तीस वर्षं लेथवर होतास ना?" आईने विचारलं.

"लेथला गिअर पायाने टाकत नाहीत," मामा पुटपुटला आणि तिथेच मातीत बसून टोक फिरवून घेतलं.

मग मात्र गाडी निघाली. मैदानाला पाच फेऱ्या झाल्या. मामा प्रत्येक फेरीला ओरडायचा, "ब्रेक लाव! पुन्हा लाव!" ब्रेक चोख लागत होता. पुढे पंधरा दिवस सराव झाला, गाडीची रीतसर तपासणी झाली, आणि मगच आई डॉक्टरांकडे गेली, गाडीवरूनच; मामा आणि मी मागून रिक्षाने. डॉक्टर खाली उतरून आले. पायदानांभोवती दोन चकरा मारून त्यांनी आईला ब्रेक दाबायला लावला, गुडघ्यावर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "पाय वाकत नाही हे मी बरोबर सांगितलं होतं. बाकीचं मी मागे घेतो."

परत निघताना आई मामाला म्हणाली, "चल, बस मागे."

बहिणीच्या मागे गाडीवर मामा जन्मात बसला नव्हता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, चपलेचा पट्टा घट्ट केला आणि बसला. मी रिक्षातून मागे होते. पहिल्याच वळणावर त्याने दोन्ही हातांनी तिचे खांदे पकडले.

"ताई, हळू गं!"

"गप बस. मागचा माणूस बोलत नसतो," आई म्हणाली आणि तिसरा गिअर टाकला.