सूनबाईला दम लागत होता

बायांनो, आज नातवाचं कौतुक नाही. तसा तो आजही दवाखान्यात इथल्या जपानी पोरांसारखा वाकून वाकून सगळ्यांना नमस्कार करत होता, इतका गोड दिसतो मेला. असो.

फ्लू होऊन गेल्यापासून आमची सून दमते. नातवाला सायकलवर मागे बसवून पूल चढून जायची, ती आता उतरून सायकल ढकलते. तिनं आपल्या याच ग्रुपवर सांगितलं, तेव्हा कुणी म्हणालं, "बदाम खा." कुणी म्हणालं, "आम्ही दोन-दोन पोरं सांभाळली, आम्हाला नाही कधी दम लागला."

आज डॉक्टरनं तिच्या हृदयाची सोनोग्राफी केली. डॉक्टर जपानीत बोलला, मुलानं मला मराठीत सांगितलं, "आई, त्या फ्लूनं हिच्या हृदयाला सूज आली होती. आता ते कमजोरच राहणार. गोळ्या कायमच्या."

सून रडली नाही. मला म्हणाली, "आई, म्हणजे मी आळशी नव्हते ना?"

येताना सायकल मीच ढकलली.

दवाखान्यातून मी दोन ओळी कळवल्या, तेव्हापासून तुमचे मेसेज येतायत, "अगं, आधी नाही का सांगायचं?" सांगतच तर होती ती. ऐकत कोण होतं?