परक्या अक्षरांवर दोन हात

कारखान्यात त्याला सगळे रंगारीच म्हणत. दारांवरच्या पाट्या, यंत्रांवरच्या सूचना, गाड्यांचे नंबर, सगळं त्याच्याच हातचं. अक्षर मोत्यासारखं, बोलणं मात्र जेवढ्यास तेवढं.

एकदा साहेबांनी त्याला मागच्या शेडमध्ये नेलं. लाकडी खोक्यातून काढलेलं क्षेपणास्त्र तिथे आडवं पडलं होतं. अंगावर परक्या भाषेतली अक्षरं.

"ही घासून काढ आणि वर आपलं निशाण टाक," साहेब म्हणाले.

"पण साहेब, हे तर विकत आणलेलं..."

"आपलं तयार व्हायला अवकाश आहे आणि संचलन तोंडावर आलंय." बोलताना साहेब भिंतीकडे बघत होते. "बाहेर बोलू नकोस."

रंगाऱ्याने पॉलिश पेपरने अक्षरं घासली, रंगाचे दोन हात दिले. निशाण इतकं सुबक उतरलं की त्याला स्वतःचीच चीड आली.

संचलन त्याने घरी थोरल्या भावाशेजारी बसून टीव्हीवर पाहिलं. दादा सैन्यात होता. शत्रूच्या रॉकेटने त्याचा एक पाय नेला होता. पडद्यावर क्षेपणास्त्र आलं तसा दादा कुबडी सावरत उभा राहिला.

"तुमच्या कारखान्यातलं ना रे?"

"हो, दादा."

"तुझाही हात लागलाय याला?"

"लागलाय."

"भावोजी, कधी बोलला नाहीत ते," वहिनी म्हणाली. त्याने मान खाली घातली. तिला तो विनय वाटला.

दादाने ही गोष्ट गल्लीभर केली. लोक थांबवून पाठ थोपटू लागले, तसा रंगारी मागच्या बोळातून घरी यायला लागला.

पुढे काही वर्षांनी कारखान्याचं स्वतःचं क्षेपणास्त्र तयार झालं. बुटकं, जोडाच्या रेघा उघड दिसणारं. पहिल्यांदा भरकटलं, दुसऱ्यांदा नेमकं जाऊन पडलं. साहेब सगळ्यांसमोर रडले. रंगारी फोटो छापलेलं वर्तमानपत्र घेऊन धावतच घरी आला.

"दादा, हे बघ. हे आपलं."

दादाने फोटो डोळ्यांजवळ धरला. "बरं आहे. पण त्या पहिल्याची सर नाही याला."

रंगाऱ्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. दादाचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं.

"खरंय," म्हणत तो स्वयंपाकघरात गेला आणि घटाघटा पाणी प्यायला.

"काय झालं, भावोजी?"

"काही नाही, वहिनी. ठसका लागला."