आमचीच चूक, त्यांचं लेबल

लातूरला एका डीटीपीच्या दुकानात पत्रक छापायला गेलो होतो. दुकानवाल्या मावशी कॉम्प्युटरसमोर वैतागून बसलेल्या.

"बघा हो, विकत घेतलेलं सॉफ्टवेअर! नवरी औशाची, आपल्याच लातूर जिल्ह्यातली, आन पत्रिकेत 'जि. नांदेड लातूर' टाकायलंय. पाव्हण्यांनी बसायचं कुठल्या गाडीत?"

मला आधी हसू आलं, मग डोकंच सणकलं. ती चूक आमची होती. जुन्या फॉन्टातला मजकूर मोबाइलवर वाचता येईल असा करून देणारा प्रोग्राम मी आणि मुदखेडच्या माझ्या मैत्रिणीने लिहिला होता. आमची पत्रकं सगळी नांदेड जिल्ह्यातली, म्हणून 'जि.' दिसलं की पुढे 'नांदेड' आपोआप यावं अशी सोय तिने केलेली. पहिल्या प्रतीत ती तशीच राहून गेली. प्रोग्राम आम्ही इंटरनेटवर खुला ठेवला. परवान्यात अटी दोनच: करणाऱ्यांची नावं ठेवा, आणि तुम्ही त्यात जे बदलाल तेही असंच खुलं ठेवा. बाकी वापरा, विका, कोण अडवतंय?

मावशींना सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने तोच प्रोग्राम उचलून आमची नावं खरवडली, कोडला कुलूप घातलं, वर आपलं लेबल चिकटवलं. आतलं वाचायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती राव!

मी हे सांगितल्यावर मैत्रिणीने कंपनीतल्या साहेबाला माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला.

"मॅडम, ओपन आहे ना ते? म्हणजे फुकटच की."

"मोकळं हाय, बेवारस न्हाई. अटी पाळा."

"त्यापेक्षा तुमचा सत्कार ठेवू. शाल, श्रीफळ, पेपरात फोटो. तुम्ही फक्त तक्रार नाही म्हणून सही द्या."

म्हणजे आमचंच आम्हाला पांघरायचं, आणि वर टाळ्या! मी शिवी गिळली. तिचं मन मात्र त्या फोटोवर अडलं. पोरगी दिवसभर मोबाइलात डोकं घालून बसते, असं तिच्या आईचं ठाम मत. पेपरातल्या त्या एका फोटोने आईचं तोंड बंद झालं असतं.

"सही मिळणार न्हाई," ती शेवटी म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी रागाने म्हणालो, "आपला प्रोग्राम काढूनच टाकू इंटरनेटवरून."

"आन मावशींनी काय वापरायचं? डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

कंपनीने कोड अजून उघडलेला नाही. वकिलाला विचारतो म्हणतात. विचारा. आम्ही नांदेड-लातूरच्या दुकानांत पत्रक वाटतोय: प्रोग्राम कुणाचा, दुरुस्त प्रत कुठे मिळेल, अटी काय. खाली आमची दोघांची नावं आहेत, खरवडलेली तीच. मैत्रिणीने मात्र या वेळी आपल्या नावापुढे आईचंही नाव लावलंय.