पाण्याला हात न लावता

"हात काढ! पाण्यातून हात काढ आधी!"

मालकीणबाई दारातून ओरडल्या. मी अंगणात उकिडवा बसलो होतो. माझा हात पितळी घंगाळात, हातात सोललेले संत्रे. वर ओसरीवर त्यांचा शरद, नववीतला. वस्तू का तरंगते आणि का बुडते, हा धडा चालला होता. वाचून त्याला कळेना. म्हणून मी सालीसकट संत्रे पाण्यात सोडले. तरंगले. तेच सोलून सोडले. बुडले. शरद टाळ्या वाजवून हसला. बुडलेले संत्रे काढायला मी हात घातला, तोच बाई ओरडल्या.

"तोंड आहे ना तुले? मग तोंडानं शिकव. हाताचं काय काम?"

पाणी उकिरड्यावर गेले. शरदलाच चुलीतले निखारे आणायला लावले. आम्हा महारांचा हात लागलेले पितळ विस्तवाने शुद्ध करायची त्या घरची रीत. शरदने निखारे घंगाळात टाकून गोल फिरवले. नीट, एकही न सांडता. मी शिकवलेले काही त्याला इतके नीट जमले नव्हते.

कायद्याने अस्पृश्यता गेली, हे पत्रक मीच सौंसरच्या आमच्या वस्तीत मोठ्याने वाचले होते. बाप म्हणाला होता, "कागद चांगला आहे."

राज्यांची नवी मांडणी झाली. विदर्भ मुंबईकडे गेला, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. शाळेत विज्ञानाचे पुस्तक हिंदीत आले. मराठी घरातली पोरे आ वासून बसू लागली. माझा बाप रामाकोन्याला रेल्वेचे रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होता, तिथल्या माणसांत मी हिंदी शिकलो होतो. मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात होतो. म्हणून मालकांनी बोलावले. शाळेच्या कमिटीत त्यांचा शब्द चाले. म्हणाले होते, "मॅट्रिक हो, तुले शाळेत विज्ञानाचा मास्तर करतो."

मला दुसरे काही नको होते.

त्यांच्याच बागेत माझी आई संत्री तोडायची. तिचा हात लागलेले संत्रे त्यांच्या देवघरापर्यंत जायचे. हात झाडाला चालत होता. पाण्याला नाही.

मालक बाहेर आले. आवाज मऊ होता.

"पोरा, मनावर नको घेऊ. बायाईचं असंच असते. सालीत काय असते ते सांगून दे याले, अन् उद्या वेळेवर ये. तुह्या नोकरीचं माह्या ध्यानात आहे."

त्या मऊपणाने मी पेटलो. ओरडण्याने नव्हतो पेटलो.

"मी हात लावूनच शिकवीन," मी म्हणालो. "नाहीतर शिकवत नाही."

"बरं. मग शाळेतबी तुहा हात लागू देत नाही मी."

मी उठलो. मागून शरद म्हणाला, "मास्तर, सांगून तर जा. सालीत काय असते?"

हवा. एवढेच सांगायचे होते. मी सांगितले नाही.

मालकांनी शब्द पाळला. मी मॅट्रिक झालो, पण शाळेत लागलो नाही. बापामागे गँगमध्ये गेलो. संध्याकाळी घरी वस्तीतल्या पोरांना शिकवू लागलो. मातीची कुंडी, त्यात पाणी, बागेत गळून पडलेले संत्रे. पोरे हसायची, तोंडावर पाणी उडवायची. मग कापूस वेचायचे दिवस आले आणि एकेक पोर गळाले. माझी बहीण सगळ्यांत हुशार. संत्रे का बुडते, ते तिने मला न विचारता ओळखले होते. तिचे बोरगावला लग्न लावून दिले. मी बापाशी भांडलो. उपयोग झाला नाही.

आता कुणी येत नाही. कायदा आहे, पत्रके आहेत, शाळेत विज्ञान आहे. घंगाळही आहे, त्याच घरात.

तरी कामावरून आलो की मी कुंडी भरतो. माझ्याकडे शिकायचे तर रीत माझी. आधी या पाण्यात हात बुडवायचा, माझ्या हाताशेजारी. वस्तीतले पोर असो की शरदचे. ज्याला बुडवायचा नाही, त्याला मी सालीत काय असते ते सांगणार नाही.