प्रार्थनेचा विषय

मंगळवारी आमच्या घरी बायकांची प्रार्थनासभा होती. चहाचं दूध मी जाळीखाली झाकून ठेवलं होतं, कारण माशीची मला भारी किळस. डोळे मिटायच्या आधी रूथबाई हळूच म्हणाल्या, "एक प्रार्थनेचा विषय आहे. आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांची सून माहेरी निघून गेलीय म्हणे."

सगळ्या माना पुढे झुकल्या. डोक्यावर पदर, मांडीवर पवित्र शास्त्र, आणि उष्ट्यावर माश्या बसाव्यात तशा आम्ही! शिसारी आली मला. अंतःकरण सांभाळा, असं दर रविवारी ऐकतो ते हेच का?

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "पण नक्की कशावरून गेली? नीट कळलं तर नीट प्रार्थना करता येईल."

आवाज माझाच होता. आत दूध मात्र अगदी व्यवस्थित झाकलेलं होतं.