बेवारस पट्टी

आमच्या घराण्यात आजवर तीन वाटण्या झाल्या. एक जमिनीची, दुसरी घराची आणि तिसरी लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची. पहिल्या दोन्हींनंतर भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. तिसरीनंतर लॅपटॉप कोणाशीच बोलेना.

ही तिसरी वाटणी मी केली. तीही आईची निवडणूक तोंडावर आलेली असताना!

आई आमच्या प्रभागातून ग्रामपंचायतीला उभी होती. समोर कोण? आमचीच काकू! आमचं घर वरंध घाटाच्या अलीकडे, रस्त्यापासून वर. एकाच छपराखाली मधोमध भिंत, अलीकडे आम्ही, पलीकडे काका-काकू. आता भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दोन उमेदवार प्रचार करत होते. काकूने भाजीला फोडणी दिली तरी आम्हाला ती प्रचाराची खेळी वाटायची.

पत्रक लिहिण्याचं काम अर्थातच माझ्याकडे होतं. मी पत्रकांवरच वाढले. आजोबा चळवळीतले. उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे माळ्यावर होते आणि आई त्यांतच माझी शाळेची भाकरी बांधून द्यायची. त्यामुळे भाकरीबरोबर दोनचार मागण्याही माझ्या पोटात गेल्या, त्या अजून पचलेल्या नाहीत.

आईची मागणी साधी होती. "नळाला रोज पाणी आणि पाखाडीला दिवा. एवढंच लिव."

मी सहा पानं लिहिली! पाणी पाचव्या पानावर आलं. (आधी मक्तेदारीचा उगम, मग मक्तेदारीचं स्वरूप, मग मक्तेदारी आणि स्त्री. पाण्यापर्यंत घाई करून कसं चालेल?) पाखाडीच्या पायऱ्यांवरचा दिवा सहाव्या पानावर, तळाला, कंसात होता.

महाडच्या छापखान्याने सांगितलं होतं, उद्या दुपारपर्यंत फाईल द्या, संध्याकाळी कागद घेऊन जा. परवा प्रचार संपणार. म्हणजे हाताशी पूर्ण एक दिवस होता. शहाण्या माणसाने फाईल पाठवली असती आणि आंघोळीला गेला असता.

पण सकाळी चहा पिताना माझ्या मनात ठिणगी पडली. मक्तेदारीविरुद्धचं पत्रक मी लिहिलंय कशावर? विंडोजवर! जगातल्या मक्तेदारीचा धिक्कार मक्तेदाराच्याच ओसरीवर बसून!  महाडच्या कॉलेजातल्या शबानाने, माझ्या मैत्रिणीने, मला पेनड्राइव्हवर विंडोजऐवजी चालणारं लिनक्स दिलं होतं. फुकट, मुक्त, कोणाच्या बापाचं नसलेलं! ठरवलं, पत्रक छापायला जाईल ते मुक्त प्रणालीतूनच. लॅपटॉप घरचा सामाईक असल्यामुळे विंडोज हाकलता येत नव्हतं, बाबा त्यावर हवामान बघायचे. म्हणून एकाच डिस्कचे दोन वाटे करायचे. एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. चालू करताना हवं ते निवडा. सहजीवन!

"पत्रक आधी पाठव गो," आई चुलीकडून म्हणाली. "वाटणी मागून कर."

"आई, हा तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"तत्त्वाचा हाय म्हणूनच म्हणते. तुझ्या तत्त्वांनी मागल्या खेपेला मिक्सर जाळला."

(तो मिक्सर वेगळ्या कारणाने जळला होता. त्याबद्दल मी बोलणार नाही.)

फाईलची दुसरी प्रत कुठे नव्हती. माझे शब्द परक्या कंपनीच्या ढगावर ठेवणार नाही, अशी माझी प्रतिज्ञा होती. आणि पेनड्राइव्हवर मुक्त प्रणाली विराजमान होती, तिला अडचण कशाला करायची?

मी ओटीवर पाट मांडला, पाटावर लॅपटॉप, लॅपटॉपला पेनड्राइव्ह. पडद्यावर डिस्कचा लांबलचक पट्टा उमटला, रंगीत चौकटींचा, अगदी शेताच्या नकाशासारखा. आणि 'वाटणी' हा शब्द कानावर पडताच गोठ्यातून बाबा आले.

इथे बाबांविषयी सांगायला हवं. आमच्या खोऱ्यात दोन भाऊ वेगळे निघाले की पंच म्हणून बाबांना बोलावणं येतं. त्यांची स्वतःची काथ्याची दोरी आहे. त्यांनी घातलेली हद्द पुन्हा कोणी मोजत नाही. आयुष्यात त्यांची फक्त एक वाटणी चुकली, ती आमची स्वतःची. आमच्या आणि काकांच्या अंगणामध्ये एक चिंचोळी पट्टी कोणाच्याच नावावर करायची राहून गेली, आणि नेमका तिच्यावरच फणस! तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्या फणसावरून महायुद्ध होतं. काकू निवडणुकीला उभी राहिली त्याचं खरं कारणही फणसच आहे, असं गावात लहान पोरालाही माहीत होतं.

तर बाबांनी चष्मा लावला आणि पाटासमोर मांडी घातली.

"ही सगळी जमीन कोणाची?"

"आत्ता विंडोजची."

"किती वर्सं कसतोय?"

"लॅपटॉप घेतल्यापासून."

"म्हणजे तो थोरला. आणि तुझं हे पाखरू?" (लिनक्सच्या चिन्हात पेंग्विन असतो.)

"ते नवं. दोघांना निम्मं निम्मं देणार. समान वाटप!"

"थोरल्याला थोडं जास्ती द्यावं लागतं गो. मान असतो."

"बाबा, ज्येष्ठतेचा मान ही सरंजामी कल्पना आहे!"

"बरं, बरं. दे निम्मं. पण भांडी कोणाकडे जाणार ते आत्ताच ठरव."

मला स्फुरण चढलं! अशी राजकीय चर्चा आमच्या ओटीवर कित्येक दिवसांत झाली नव्हती. बाबांनी बोटाने हद्द दाखवली, मी माऊसने ओढली. उजवीकडे थोरला, डावीकडे पाखरू. नकाशा देखणा झाला होता. मी पक्कं करण्याचं बटण दाबणार, तेवढ्यात बाबांनी माझा हात धरला.

"थांब! ही काय?"

पट्ट्याच्या अगदी डाव्या टोकाला एक बारीकशी चिंधी होती. नखाएवढी.

"असेल काहीतरी."

"कोणाच्या नावावर हाय?"

मी वाचलं. नावाच्या जागी काहीच नव्हतं. "नाव नाही."

"कोण कसतो?"

"एवढ्याशा जागेत काय कसणार? रिकामीच असणार."

बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. त्यांचा चेहरा मी असा फक्त एकदा पाहिला होता, काकूने पहिला फणस उतरवला तेव्हा.

"मुक्ते," ते हळू म्हणाले, "अशी बेवारस पट्टी सोडायची नाय. आज ती बारीक दिसते. उद्या हा म्हणेल माझी, तो म्हणेल माझी. दोघं तुझ्या लॅपटॉपात डोकी फोडतील. काय ते आत्ताच मिटव. पुसून टाक ती आणि घाल पाखराच्या वाट्यात."

आणि सांगते, त्या क्षणी मला ते क्रांतिकारक वाटलं! पडीक जमीन भूमिहीनाला! मी पट्टी निवडली आणि 'पुसा' म्हटलं. लगेच इंग्रजीत एक लांबलचक इशारा आला. खाली पिवळा त्रिकोण.

"काय म्हणतंय?"

"नोटीस आहे. असं करू नका म्हणतंय, बहुतेक."

"वाटणीत हरकत येतेच," बाबा अनुभवाने म्हणाले. "नोटिशीला घाबरलो असतो तर खोऱ्यात एक बांध उभा राहिला नसता. मार सही."

मी मारली.

काम झालं! पट्टा सलग, स्वच्छ, दोनच रंग. ती पट्टी गेल्याचं नावनिशाण नाही. शेजारी लिनक्स बसवून झालं. शेवटी पुन्हा काहीतरी तक्रार आली, तीही आम्ही हरकत म्हणून फेटाळली. मी पेनड्राइव्ह काढून पाटावर ठेवला. बाबा उठले आणि देवघरातला नारळ घेऊन आले.

"हा कशाला?"

"हद्दीवर नारळ फोडायचा असतो. त्याशिवाय वाटणी पक्की होत नाय."

मी 'बाबा' म्हणेपर्यंत नारळ पायरीवर फुटला होता आणि त्याची एक कवड लॅपटॉपच्या दिशेने निघाली होती! आई चुलीकडून अशी धावत आली, की तिचं ते धावणं बघून काकूने तेव्हाच अर्ज मागे घ्यायला हवा होता. तिने लॅपटॉप वरच्या वर उचलला. नारळाचं पाणी पाटावर पडलं. पाटावरच्या पेनड्राइव्हवर पडलं. मुक्त प्रणालीने चरचर असा आवाजही केला नाही, निमूटपणे तीर्थ घेतलं.

"लॅपटॉप वाचला!" मी ओरडले. "आई, तू धन्य आहेस!" आणि चालू करायचं बटण दाबलं.

काळा पडदा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ आली. सुरू करण्याजोगं यंत्रात काही सापडत नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा काळा. थोरलाही नाही, पाखरूही नाही.

"दोघंपण रुसले?" बाबांनी विचारलं.

मी शबानाला फोन लावला. ती नेमकी भावाला सोडायला मुंबईला विमानतळावर गेली होती. तिचा भाऊ आखातात असतो. मी सगळं सांगितलं.  तिने लगेच विचारलं,

"सुरुवातीची ती बारीक पट्टी पुसलीस?"

"बेवारस होती गं!"

"बेवारस? अगं बाई, ती दोघांची सामाईक वाट होती! मशीन चालू झालं की आधी त्या पट्टीवर जातं आणि तिथून ज्याच्या त्याच्या घरात शिरतं. घरं तुझी शाबूत आहेत. वाट उकरलीस तू!"

फोन स्पीकरवर होता. बाबा मटकन खाली बसले, ओल्या पाटावरच.

"वाट?" ते म्हणाले. "मी वहिवाटीची वाट खाल्ली?"

मला त्यांचं तोंड बघवेना. उभ्या हयातीत त्या माणसाने भावाभावांत खून पडायची वेळ आली तरी वाट सोडायला लावली होती. विहिरीची, गोठ्याची, मसणाचीसुद्धा. आणि आज त्यांच्याच ओटीवर, त्यांच्याच सल्ल्याने, वाट गिळली गेली!

"फाईल आतच आहे," शबाना म्हणाली. "तो पेनड्राइव्ह लाव, त्यावरून चालू कर, फाईल बाहेर काढ. सोपं आहे."

आम्ही तिघांनी पेनड्राइव्हकडे पाहिलं. त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

"तीर्थ दिलंय त्याला," आई म्हणाली.

शबाना मुंबईलाच नातेवाइकांकडे राहून निवडणूक झाल्यावर परतणार होती. महाडच्या दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणे ठेवून जा, सगळ्या उमेदवारांचे प्रिंटर बिघडलेत, तुमचा नंबर मतदानानंतर. मी म्हटलं, मी सहाच्या सहा पानं आठवून हाताने लिहिते! रात्रभर बसते!

"खबरदार!" आई म्हणाली. तिने पदर खोचला. "मी जाते घरोघर. तोंड हाय मला."

तेवढ्यात भिंतीपलीकडून काकूचा आवाज आला. (भिंतीला कान नसतात, ही अफवा आहे. आमच्या भिंतीला तोंडही आहे.)

"काय जाऊबाई, पत्रक घाटात अडकलं वाटतं? आमचं आलं हो! आठ पानी, रंगीत!"

आठ पानी! माझं सहा पानी आहे हे कळल्यावर काकांनी ईर्षेने दोन पानं वाढवली होती. मला रडूच कोसळलं. पानांतही हरलो!

दुसरा दिवसभर आम्ही घरं धरली. आई पुढे, मी मागे, बाबा सगळ्यात मागे मान खाली घालून. प्रत्येक दारात मी तोंड उघडायची, "मायबहिणींनो, या शोषणाच्या..." आणि आई माझ्या पायावर पाय द्यायची.

"नळाला रोज पाणी आणि पाखाडीला दिवा," आई सांगायची. "नाय झालं तर घरी येऊन भांडा. चहा नको गो, अजून खालची आळी राहिलीय."

बस्स. पुढचं दार. संध्याकाळपर्यंत माझ्या पायाची भाजी झाली होती आणि क्रांतीचा एकही शब्द गावात पोचला नव्हता. मतदानाच्या दिवशी मी देवासमोर बसले नाही, ते माझ्या तत्त्वात बसत नाही. पण देवघराच्या बाजूने तोंड करून बसले.

आई निवडून आली!

महाडहून निकाल घेऊन आलो, तर फाट्यावर गुलाल आणि ताशा! बाबा नाचले. मी नाचले, दुखऱ्या पायाने. आणि हळूच खालच्या आळीतल्या तुकारामआबांना विचारलं, "आबा, काय पटलं तुम्हाला? पाणी, की दिवा?"

"पाणी तर पायजेच गो," आबा म्हणाले. "पण दरसाल तुझ्या घरनं कागद येतो. वाचावा लागतो, नायतर तू विचारतेस. यंदा त्यांच्याकडनं आठ पानं आली आणि तुमच्याकडनं एक चिटोरं नाय. आळीत सगळ्यांनी तेव्हाच ठरवलं, हीच बाई आपली!"

शबाना आली, तिने पट्टी परत घातली आणि दोन्ही भाऊ गुण्यागोविंदाने चालू झाले. ते बघून बाबा त्याच संध्याकाळी काकांकडे गेले आणि फणसाची पट्टी दोघांची सामाईक वाट म्हणून ठरवून आले. आता फणसावरून भांडण नाही. पट्टीवरचा पाला कोणी झाडायचा, यावरून आहे.

माझं पत्रकही जसंच्या तसं सापडलं, एक स्वल्पविराम हलला नव्हता! मी ते उत्साहाने आईला पडद्यावर दाखवलं. नव्या सदस्यबाईंनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्यावर जांभई दिली.

"हे पुसू नको हां," ती म्हणाली. "नीट जपून ठेव."

माझा ऊर भरून आला. "पुढच्या निवडणुकीला?"

"तर! तेव्हा काकूला दे."